परक्यांचं सुतक

अक्काचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर नुकतंच वर केलं होतं. कळमनुरीला माझं कापडाचं दुकान आहे, आणि सकाळी त्या वेळेला मला कुणी फोन करत नाही. अक्का तर कधीच नाही. "दिगू," ती म्हणाली. मागे शेजारपाजारच्या बायकांचे आवाज येत होते. मग म्हणाली, "आत व्हते रे. आत पलंगावरच व्हते..." आपला नवरा गेला, हे वाक्य तिने उच्चारलंच नाही. तो कुठे होता एवढंच तिला सांगायचं होतं, आणि मला त्यातून सगळं बरोबर कळलं. माझे दाजी सुदामराव, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, वारंगा फाट्यावर उभ्या असणाऱ्या रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर होते. सहाएक वर्षं ते स्वतःच्या घरात झोपले नव्हते, बाहेर ओट्यावर झोपायचे. दीड वर्षापूर्वी ते पुन्हा आत आले, आणि आतच, झोपेत, हृदय बंद पडून गेले. याला आता दोन महिने होत आले. वर्तमानपत्रात कुणा ड्रायव्हरवर लिहून येत नाही, म्हणून मीच लिहायला बसलो आहे. माझा हात कैचीला सरावलेला आहे, लेखणीला नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

दाजी मुळात गप्प माणूस नव्हते, हे आधी सांगायला हवं, कारण शेवटच्या काही वर्षांत ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांना ते खोटं वाटेल. ते हळदीची पोती टेम्पोत घालून वसमतच्या बाजारात न्यायचे. कपडे कितीही धुतले तरी कॉलर पिवळी. दुकानात आले की गादीवर माझ्या शेजारी बसायचे आणि माझ्या गिऱ्हाइकाची फिरकी घ्यायचे. एखाद्या मावशीने साडीचा रंग जाईल का म्हणून विचारलं की मी तोंड उघडायच्या आत हे म्हणायचे, "जाईल की मावशी. गेला तर दिगूच्या अंगाला पुसा, त्याला तेवढाच उजाळा यील." मावशी हसायची आणि साडी घेऊन जायची, त्यामुळे मला रागावताही यायचं नाही. पुढे त्यांना रुग्णवाहिकेवर नोकरी लागली. सुरुवातीची वर्षं पेढ्यांची होती. एखादी बाई गाडीतच बाळंत झाली आणि दोन्ही जीव सुखरूप पोचले की दाजी परत येताना पेढे घेऊन दुकानात हजर. एका पोराचं नाव आईबापांनी सुदामच ठेवलं, त्या दिवशी हे माझ्या दुकानातल्या आरशासमोर उभे राहून मिशीला पीळ देत होते. आमच्या घराण्यात नोकरीचा असा अभिमान कुणी मिरवला नव्हता.

पहिलं सुतक मला चांगलं आठवतं. फाट्याच्या अलीकडे एक मोटारसायकल ट्रकखाली आली. नवरा जागीच गेला होता, बायको बोलत होती. तिला गाडीत घालून दाजी नांदेडकडे निघाले. मागे डॉक्टर तिच्यापाशी होते, पण ती बोलत होती ती पुढच्या खिडकीतून दाजींशी. "भाऊ, लेकरं घरी एकटेच हायत," एवढं एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि दाजी दर वेळेला "पोचलो बाई, पोचलो," म्हणत होते. पोचायच्या आधीच तिचा आवाज थांबला. तिच्या माणसांना निरोप मिळून ती माणसं येईपर्यंत संध्याकाळ झाली, तोवर दाजी दवाखान्याच्या त्या खोलीबाहेर बसून राहिले. घरी आले ते थेट मागच्या नळाखाली. अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ केली, तोंडात कडुलिंबाचा पाला घातला आणि ओट्यावर घोंगडी टाकली. मातीहून आलेला माणूस आमच्याकडे असंच करतो. अक्काने विचारलं, "आपल्यातलं कोन गेलं?" दाजी म्हणाले, "तिनं मला भाऊ म्हनलं व्हतं. आता मी भावासारखं नको का वागू?" आणि त्यांनी खरोखर तिचं सुतक धरलं. दहा दिवस देवाला हात लावला नाही, दाढी केली नाही, पल्लवीला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक पोरीला जवळ घेतलं नाही.

आम्हाला हे फार मोठं वाटलं... आणि इथेच आमचं चुकलं. मी दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला ही गोष्ट रंगवून सांगायचो. परक्या बाईचं सुतक पाळणारा माणूस आज कुठे बघायला मिळतो, असं म्हणायचो आणि त्यातला थोडा मोठेपणा माझ्याकडेही ओढून घ्यायचो. गावातली म्हातारी माणसं दाजींना हात जोडू लागली. पण रस्त्यावरच्या माणसाला दहा दिवसांची उसंत कोण देणार? पहिलं फिटायच्या आत दुसरं आलं, दुसऱ्यात तिसरं. एका सुतकात दुसरं पडलं तर ते पहिल्याबरोबरच फिटतं, असं आमच्याकडे जाणती माणसं सांगतात. शास्त्राने दिलेली ही सवलत दाजी घ्यायला तयार नव्हते. "तवाचा मानूस निराळा, हा निराळा," म्हणायचे, आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागायचे. मग कोरोना आला. तेव्हा तर गाडीवरची सगळीच माणसं घराबाहेर झोपत होती, बाहेर अंघोळ करत होती, ताट दुरून सरकवून घेत होती. दाजींचं वागणं त्या गर्दीत मिसळून गेलं. रोग ओसरला, बाकीचे आपापल्या घरात गेले, हे ओट्यावरच राहिले. अक्का रोज उंबऱ्यापर्यंत ताट आणायची आणि ते जेवेपर्यंत आतल्या बाजूला टेकून बसायची. चार हातांचं अंतर असेल, पण बोलणं होत नसे. मी गेलो की म्हणायची, "नेमाचा मानूस हाये बाबा." मीही मान डोलवायचो.

पल्लवीच्या लग्नात हे सगळं अंगाशी आलं. तिला वसमतला दिली. लग्नाच्या दोन दिवस आधी शेततळ्यात बुडालेलं एक लेकरू दाजींच्या गाडीत दवाखान्यापर्यंत जिवंत पोचलं नव्हतं. हळदीला दाजी मांडवाबाहेर. लग्न लागलं तेव्हाही मांडवाबाहेर, लिंबाच्या झाडाखाली, नवे कपडे घालून, पाहुण्यांना रामराम करत. कन्यादान चुलत्याने केलं. व्याह्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, काही भानगड आहे का म्हणून. मी तरातरा झाडाखाली गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. लोकांसाठी मरता, पोटच्या पोरीसाठी चार पावलं टाकवत नाहीत का, इथपर्यंत बोललो. दाजींनी दोन्ही हात माझ्यापुढे केले. "परवा ह्या हातानं त्याला पान्यातून वर घेतलं, दिगू. अजून त्याचं वजन हाये हाताला. हे हात पोरीच्या हातात देऊ काहून?" मी आणखीच चिडलो. पल्लवीने जाताना बापाकडे पाहिलं नाही. पुढे वर्षभर ती माहेरी आली नाही, आणि अक्का तिच्याशी फोनवर बोलायची ती स्वयंपाकघरात जाऊन, बाहेर ओट्यावर ऐकू जाणार नाही अशा आवाजात.

गाडीवरचे सय्यद डॉक्टर एक दिवस दुकानात आले. मला वाटलं ईदची खरेदी असेल, पण ते गादीच्या काठावर टेकले आणि म्हणाले, "दिगंबरभाई, तुमच्या दाजीला तकलीफ आहे." मी म्हणालो, तकलीफ कसली, नेमाने वागतात. डॉक्टर म्हणाले, "नेम असता तर संपला असता. तुमच्यात सुतक फिटतं ना? मग यांचं काहून फिटून नाही राहिलं?" मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. घरी गेल्यावर ते बाथरूममध्ये नळ सोडून बसायचे, बायकोमुलांना आवाज जाऊ नये म्हणून. आता हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात एका बाईंकडे जातात, मन मोकळं करायला. "मला फरक आहे. माझं ते ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील." एक शिकलेला डॉक्टर माझ्या दुकानात बसून हे सांगतो आहे याचंच मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी त्यांच्यासाठी दोनदा चहा मागवला.

दाजींना मी हिंगोलीला नेलं ते थापा मारून, बीपी तपासायचं आहे म्हणून. खोलीबाहेरच्या बाकावर एक हवालदार आधीच बसलेला होता, तोंडाला रुमाल बांधून. दाजींची आणि त्याची रस्त्यावर नेहमी गाठ पडायची, अपघात झाला की एक इकडून यायचा, दुसरा तिकडून. त्या दिवशी दोघांनीही एकमेकांना न पाहिल्यासारखं केलं आणि समोरची भिंत वाचत बसले. आत गेल्यावर दाजी उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, मी येडा न्हाई." समुपदेशक बाई वयाने लहान होत्या, लातूरकडच्या असाव्यात. म्हणाल्या, "नाहीच आहात. बसा तर." दाजी म्हणाले, "मी सुतकात हाये." मला वाटलं ही पोरगी आता हसणार किंवा शास्त्र शिकवणार. तिने एवढंच विचारलं, "तुमच्याकडे सुतक संपल्यावर माणसाला त्यातून बाहेर कोण काढतं?" दाजींनी सांगितलं की तेराव्याला सासरवाडीची माणसं टॉवेल-टोपी घेऊन येतात, डोक्यावर टोपी ठेवतात, हाताला धरून उठवतात, त्याला दुखवटा काढणं म्हणतात. "मग तुमच्याकडे कुणी आलं का?" बाईंनी विचारलं. दाजींनी वळून माझ्याकडे पाहिलं.

अख्ख्या तालुक्याला दुखवट्याची टॉवेल-टोपी मी विकतो. कुणाकडे कोण गेलं हे मला गावच्या सरपंचाआधी कळतं, गठ्ठा बांधताना दोन शब्द सांत्वनाचे बोलायचीही मला सवय आहे. आणि माझ्याच बहिणीच्या दारात सहा वर्षं एक माणूस दुखात बसला होता, त्याची सासरवाडी म्हणजे मीच होतो... हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. नात्यातलं कुणी गेलेलं नव्हतं ना! मला त्या खोलीत मान वर करवेना.

बाईंनी घाई केली नाही. टोपी नंतर, आधी माणसं, असं त्या म्हणाल्या. कुणाकुणाचं सुतक आहे ते दाजींनी एकेक करून सांगायचं. चार-पाच महिने आम्ही दर बुधवारी एसटीने जात राहिलो. पहिल्या दोन वेळा दाजी अर्धा तास नुसते बसून आले. तिसऱ्या वेळी हवालदाराने रुमाल सोडला आणि आम्ही तिघांनी दवाखान्याबाहेर चहा घेतला. मग कधीतरी दाजींनी त्या भाऊ म्हणणाऱ्या बाईचं सांगितलं, म्हणजे त्यांनी ते सांगितल्याचं मला बाहेर आल्यावर त्यांच्या डोळ्यांवरून कळलं. मी आत नसायचो. परत येताना ते खिडकीकडे तोंड करून बसायचे आणि मी माझ्या पिशवीशी चाळा करत बसायचो. काय बोललात, असं मी एकदाही विचारलं नाही. विचारायचं नसतं, असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर भीती वाटायची.

मग एका रविवारी सकाळी मी भाऊबंदांतले दोघं घेऊन गेलो. दुकानातली सगळ्यात पांढरी टोपी काढली होती. दाजी ओट्यावर मांडी घालून बसले, खरोखरच्या तेराव्याला बसतात तसे. टोपी बघून म्हणाले, "एकच आनली? मानसं लई हायत रे." मी म्हणालो, "डोस्कं एकच हाये ना दाजी." ते हसले आणि हसताहसताच त्यांचा बांध फुटला. मी टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि हाताला धरून उठवलं. उंबऱ्याशी त्यांचं पाऊल अडलं, तेव्हा मी जरा ओढलंच. आत गेल्यावर ते भिंतीवर हात फिरवत राहिले. दिव्याचं बटन कुठे आहे हे स्वतःच्या घरात त्यांना आठवत नव्हतं. अक्काने पुढे होऊन दिवा लावला आणि शिरा करायला चुलीकडे गेली.

पुढचं दीड वर्ष चांगलं गेलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. दाजी वसमतला पल्लवीकडे जाऊन आले, तिथे अंगणात तिने त्यांच्या मांडीवर तिचं पोरगं ठेवलं. दुकानात येऊन एकदोन मावश्यांची त्यांनी पूर्वीसारखी फिरकीही घेतली. नोकरी चालूच होती. गाडीत कुणी गेलं तर आता ते अंघोळ करून घरात यायचे. दाजींना आत आणलं कुणी, तर मी आणलं, ही गोष्टही मी दुकानात रंगवून सांगत होतो. माझा स्वभाव तुमच्या लक्षात आलाच असेल.

तेराव्याला मी अक्कासाठी माहेरची साडी नेली. फिकी, बारीक काठाची, तिला आवडेल अशी. तिने घेतली आणि कपाटावर ठेवली. महिन्याने गेलो तर साडी पिशवीतून निघालेलीच नव्हती. मी म्हणालो, "अक्का, दुखवट्याची साडी हाये, अंगाला तरी लाव. किती दिवस असं बसनार?" ती गहू निवडत होती. सुपावरची नजर न काढता म्हणाली, "कुनाचा दुखवटा काढून राहिला तू? ह्यांचा एकल्याचा?" मला कळलं नाही. मग ती बोलली. इतकं सलग बोलताना मी तिला लहानपणानंतर ऐकलं नव्हतं. "तू त्यान्ला हाताला धरून आत आनलंस. ते काय एकले आले का? समदे संग आले. त्या हिंगोलीच्या बाईनं सांगितलं व्हतं, बोला म्हनून. तिच्यापशी पाच-सात जनांचं बोलले असतील. बाकीच्यांचं माझ्यापशी. रोज जेवनं झाली की एक. कसं पडलं व्हतं, काय म्हनलं, पायात चप्पल व्हती का न्हाई. ते बोलायचे अन् मोकळे व्हऊन झोपायचे. मी जागी. आता ते बी गेले. समदे माझ्यापशी ठिवून गेले. तुमी त्यान्ला टोपी घालायला आलता, मला कोनी इचारलं?"

हिंगोलीच्या बाईंनी मला दोनदा विचारलं होतं, घरात कोण असतं, ताईंना एकदा घेऊन या. मी दोन्ही वेळा म्हणालो होतो, तिला काय झालंय, ती घट्ट आहे. सहा वर्षं उंबऱ्याच्या आत बसून नवऱ्याचं जेवण संपायची वाट बघणाऱ्या बाईला मी घट्ट म्हणत होतो.

मी तिच्यापुढचं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणालो, "सांग. माझ्यापशी सांग." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ते जमणार नाही हे तिला आधीच ठाऊक होतं. पण तिने सुरुवात केली. पहिली ती भाऊ म्हणणारी बाई. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि त्यातली एकही फुटली नव्हती, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. दुसरा एक ऊसतोड्या म्हातारा. त्याचं अर्धं ऐकून होईपर्यंत मला उठून जावंसं वाटायला लागलं. एसटीची वेळ झाली, एवढंच म्हणायचं होतं... उठलो नाही.

आता दर रविवारी दुकान बंद ठेवून मी जातो. येत्या बुधवारी बाईंकडे जायचंही अक्काने कबूल केलं आहे, पण तिथे ती लगेच तोंड उघडेल असं मला वाटत नाही. दाजींनी ज्या क्रमाने सांगितलं त्याच क्रमाने ती सांगते, मध्ये कुणाला गाळत नाही, कुणाला पुढे घेत नाही. शेततळ्यातल्या लेकरापर्यंत आम्ही आलो आहोत. एक संपलं की चहा करते, मग दुसरं. रांगेत शेवटचं असलेलं दाजींचं नाव अजून आलेलं नाही.